दारावर न सापडलेला ताप

साल दोन हजार वीस. कॅन्सरच्या दवाखान्यात केमोसाठी आम्ही तोंडं बांधून, एकेक खुर्ची सोडून बसायचो. माझ्या पुढे एक सासरे आणि त्यांची सून होती. नर्स जवळ येताच सून उठली.

"सिस्टर, यांना पहाटे ताप होता."

"अगं, दारावर तपासलं ना? काही निघालं नाही."

"निघेल कसं? तापाची गोळी खाऊन आलात, बाबा. रिकामं पाकीट मी बघितलंय."

"घरभेदी! आता मला कोरोनावाल्यांत टाकतील."

"कोणी टाकत नाही, आजोबा. केमोवाल्यांना ताप आला तर मागची खोली वेगळी ठेवलीय आम्ही."

"पण ताप उतरलाय माझा."

"उतरला नाही, झाकलाय. केमोने पांढऱ्या पेशी घटल्यात, आत लढायला कोणी नाही. जंतू असले तर संध्याकाळपर्यंत जिवावर बेतेल. रिपोर्ट येईल तेव्हा येईल, अँटिबायोटिक मी आत्ताच लावते."

"आणि कोरोनाच निघाला तर?"

"तरी मीच असेन. चला."

"ही पण येणार का आत?"

"नाही, ती बाहेरच थांबेल."

"चला, तेवढीच शांतता!"

कोरोना नव्हता, रक्तात जंतू होते. सासरे त्यातून उठले. सुनेशी महिनाभर बोलले नाहीत, ती मात्र दर खेपेला त्यांना घेऊन येत राहिली. ती सिस्टर आता केमोच्या वॉर्डची प्रमुख आहे. मीही बरी झाले. पुढे तपासणीला भेटले, की सासरे सुनेकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगायचे, "हिने माझं ऐकलं असतं, तर आज तुमच्याशी बोलायला मी नसतो."