उमेदवाराचा सदरा

“शब्दाचं मूळ कळलं की परीक्षा जिंकलीच समजा!”

चीनमधल्या छांग्शा शहरात परीक्षाकेंद्राच्या रांगेत फंग मास्तर बायकोला ऐकवत होते. शेजारी परीक्षेला बसणारी लेक. मागच्या झू आजोबांनी कान टवकारले.

“म्हणून पोरीला पांढरा सदरा?” बायको म्हणाली.

“अगं, इंग्रजीतला ‘कँडिडेट’ म्हणजे मुळात पांढऱ्या कपड्यांतला. रोमचे उमेदवार तसेच मतं मागायचे.”

“मागू देत! आपल्यात पांढरं मयताला घालतात. मी हिच्या यशासाठी लाल रेशमी झग्यात उकडून निघतेय, आणि तुम्ही अंत्ययात्रा काढलीत!”

“मूळ लॅटिन आहे, बाई.”

“लॅटिन म्हणजे मेलेली भाषा ना? मग तिलाच शोभतंय पांढरं!”

झू आजोबांना खोकला आला. फाटक उघडलं.

“बाबा,” लेक म्हणाली, “ज्यानं वारा घेताय ते माझं प्रवेशपत्र आहे. देता का?”