खुंटीवरची माळ

न्हाय, आधी बाळुतं दाव. — सासूनं काविळीच्या माळंसाठी धाडलंय, ठावं हाय मला. बेंबळी गावात कडूबाईकडं दुसऱ्या कशाला येतंय कोण? घेटुळीच्या मुळ्या चिरून ठिवल्यात, दोरा बी काढलाय — पर आधी बाळुतं. लाजतीस काय, लेकराची शीच हाय. — हं. पांढरी. ओल्या चुन्यावानी. आन् मूत? हळदीवानी, कापडाला डाग पाडतंय, व्हय न्हवं?

दूध पचना म्हणून पांढरी, म्हणली व्हय सासू? म्या बी हेच म्हणले व्हते — माझ्याच लेकीला, तुळजाला. दुष्काळी कामावर माती उपसत हुती ती, टँकरचं गढूळ पाणी पीत हुती. म्या म्हणलं, त्या पाण्यानंच पिवळी पडली तिची तान्ही पोर. बांधली माळ नातीच्या डोक्याला. डोक्यावरनं गळ्यात आली, गळ्यातनं पोटावर — माळ लांबती तशी कावीळ उतरती, आमच्या म्हातारीनं शिकवलेलं. पोर पिवळी ती पिवळीच. तुळजा म्हणायची, "आये, शी पांढरी हाय गं." म्या म्हणायची, "तुलाच लई कळतंय!" मग सोलापूरचा डॉक्टर म्हणला, पित्त उतरायची नळीच घडली न्हाय आईच्या पोटात. "दोन म्हैन्याच्या आत आणायचं, आजीबाई. पुण्याला धाडलं असतं, कापून काय करता आलं असतं तर बघितलं असतं." मला म्हणला! म्या अडाणी बाई, मला काय ठावं? आन् किती लेकरं बरी झाली माझ्या हातानं — नव्या लेकराची कावीळ बहुतेक आपसूकच जाती म्हणा, नाव माझं हुतं. आन् माळंचं काय — मुळी वाळली की आकसती, गाठ ढिली पडती, माळ लांबती. एकदा एक माळ कुणी न्यायाच आलं न्हाय, खुंटीलाच राहिली. ती बी लांबली की हातभर! मालक म्हणले, "कडू, खुंटीला बी कावीळ झाली व्हय गं?" लई हसलो आमी दोघं —

मालक? ते तर तुळजाच्या लग्नाआधीच गेले —

काय बघतीस अशी? व्हय. आधीचं हाय ते खुंटीचं. नात व्हायच्या लई आधीचं.

ऊठ. सोलापूरची एस्टी येईल आता फाट्यावर. डॉक्टरला आधी बाळुतं दाव, मग तोंड उघड. सासूला काय सांगायचं? सांग, कडूबाईनं माळ दिली न्हाय. — ती हातातली मुळी ठिव तिथं. खाली ठिव म्हणते न्हवं! जा.