पाखराच्या हिशेबाने जवळच

...नाही, पण मला एक सांगा, माझी पोरगी काय पाखरू आहे? नाही ना? दोन पायांची, पाठीवर दप्तर, सकाळी हाका मारून घसा बसला तरी न उठणारी पोरगी आहे! मग शाळेत जवळ राहणाऱ्यांना आधी प्रवेश देताना घरापासून फाटकापर्यंतचं अंतर हे लोक सरळ रेषेत का मोजतात? छपरांवरून, झाडांवरून, कालव्यावरून... थेट! आणि मी? मी रस्त्याच्या कामावरचा माणूस, तुम्हाला सांगतो, उभा जन्म फुटपाथच्या कडा बसवण्यात गेला, मी आपला कामावरचं मोजायचं चाक घेऊन दर रविवारी विकाऊ घर ते शाळा, विकाऊ घर ते शाळा, ढकलतोय... लोक पडदे सारून बघतायत, कुत्री मागे लागतायत... आणि महिनाभराने लोरेन, म्हणजे आमची बायको, म्हणते कशी, "डेरेक, राजा, ठेव ते चाक. इथे पायांना कोणी विचारत नाही."

आता घर बदलायचं खूळ आलं कुठून? तर आमच्या थॉर्नक्लफच्या शाळेवरून. तपासणीवाले आले, नाक मुरडून गेले. गणिताचा मास्तर आमच्या पॉपीला नावाने ओळखायला लागला की गेलाच सोडून! लोरेन म्हणाली, "पोरीचं डोकं चांगलंय, डेरेक. इथे राहिलो तर त्याची माती होईल." डोकं माझ्यावर गेलेलं नाही, एवढं तरी कळतंच की मला!

मग गाठला घरांचा दलाल. पॉम्फ्रेट नाव. बूट असे टोकदार, की चालताना समोरच्याने जपावं. त्याने आमच्यापुढे तीन बोटं धरली. "चांगली शाळा. चांगला शेजार. परवडणारं घर. यातली दोन मिळतील साहेब, तिसरं मिटायचं." आणि एक बोट मिटलंन्, अगदी हळू, डोळे झाकावेत तसं. तीनपैकी दोन!

म्हटलं बघू तर खरं. चांगली शाळा, चांगला शेजार... किंमत ऐकली आणि मी त्यांच्याच सोफ्यावर बसलो, तर घरमालकीण म्हणते, सोफा किमतीत धरलेला नाही! बरं, चांगला शेजार आणि परवडणारं घर? अहो, तिथेच तर राहत होतो आम्ही! त्यासाठी घर कशाला सोडायचं? राहिलं काय? चांगली शाळा आणि परवडणारं घर. ते मिळालं हॅदरलीत, कालव्याच्या काठी. शाळा बरोब्बर पलीकडच्या काठावर. मास्तरने खडू फेकून मारला तर आमच्या खिडकीला लागेल! पण पूल? पूल पार तिकडे, गावाबाहेर. पाखराच्या हिशेबाने पॉपी शाळेच्या मांडीवर, आणि पायांच्या हिशेबाने रोज अर्धा तास चिखल तुडवत. म्हणून तर घर स्वस्त! घंटा ऐकू येते, मुलं दिसतात, आणि आमची पोरगी अजून अलीकडच्या काठावर पळतेय, हातात टोस्ट, एक मोजा खाली...

आणि शेजार? मिटलेलं बोट! बाजूच्या घरातला माणूस गाडीतून उतरतो तो थेट दारात, दार बंद. मी एकदा "काय, थंडी पडली!" म्हणालो, तर त्याने खिसे चाचपले. त्याला वाटलं मी काहीतरी मागतोय.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? शेजार काय, होतो हळूहळू. होतो की! पण माझ्या शेजारात माझा बाप होता ना हो.

दोन दारं सोडून. आर्नल्ड नाव, गिरणीत जन्म गेला, आई गेल्यावर राहिली ती परसातली शर्यतीची कबुतरं. आमच्या थॉर्नक्लफमध्ये पुढचं दार कोणी वापरत नाही बरं का. पुढचं दार म्हणजे पाद्री, पोलीस आणि शवपेटी. बाकी सगळी दुनिया मागच्या गल्लीतून, मागच्या दाराने, न वाजवता. म्हातारा यायचा तो थेट चुलीशी. "चहा टाकलास का रे, लेका? का बायकोची वाट बघतोयस?" टोपी माझ्या खुर्चीवर, बूट माझ्या वर्तमानपत्रावर. पॉपीला शाळेतून आणायचं त्याने, टोस्टवर बीन्स घालून द्यायचे त्याने, आणि कबुतरांची नावं ठेवायची पॉपीने. मी चिडायचो! "बाबा, दार वाजवत जा की!" म्हणायचो. म्हणायचो हो मी... तोंड झडलं नाही माझं.

"चला आमच्याबरोबर," म्हटलं. "मी? आणि कबुतरांना काय सांगू? पत्ता बदललाय म्हणून? त्यांना एकच घर कळतं, लेका. तू जा. पोरीचं बघ."

गेलो. तीनपैकी दोन घेतली आणि गेलो.

पहिल्यांदा म्हातारा आला हॅदरलीला, दोन बस बदलून, काखेत टोपली, टोपलीत एक कबुतर. आता कालव्याच्या घराला मागचं दार आहे कुठे? मागे थेट पाणी! तेव्हा पुढच्या दाराची बेल वाजली. उघडतो तर माझा बाप. टोपी हातात. पायपुसण्यावर बूट पुसतोय, पुसतोय, पुसतोय... मी म्हटलं, "बाबा, या की आत!" तर म्हणाला, "येऊ ना?"

येऊ ना! माझा बाप! मला विचारतो!

अंगातला कोट काही काढला नाही. सोफ्याच्या कडेवर बसला, कपबशी गुडघ्यावर. "चहा छान झालाय, लोरेन." अहो, उभ्या आयुष्यात त्या माणसाने आमच्या चहाला चांगलं म्हटलं नव्हतं! लोरेन आत जाऊन रडली. "कोट तरी काढा," म्हटलं. "नको, बस चुकेल." मग पॉपीने खिडकीतून कबुतर सोडलं. एक गिरकी घेतली त्याने आणि सरळ रेषेत... छपरांवरून, टेकडीवरून... म्हातारा घरी पोचायच्या कितीतरी आधी ते पोचलेलं. रात्री फोन, "माझ्याआधी पोचलं की! पाखराच्या हिशेबाने तुम्ही जवळच आहात रे, लेका. उगाच जीवाला लावून घेऊ नकोस."

दर वेळी एक टोपली, एक कबुतर, अंगात कोट. मग टोपली जड व्हायला लागली. मग बस जड व्हायला लागली. आम्ही जायचो, नाही असं नाही, पण पॉपीचा अभ्यास, माझी रविवारची पाळी, रस्त्यात बर्फ... कारणं काय हो, मुबलक असतात.

आणि या फेब्रुवारीत म्हातारा गेला. मागच्या गल्लीत पेटी वळत नाही, तेव्हा पुढच्या दारानेच नेला. तेवढ्याचसाठी उघडलं ते दार.

पोरगी हुशार निघाली बरं का, वर्गात पहिली. लोरेनचं चुकलं नव्हतं. कोणाचंच चुकलं नाही हो, तेच तर... कोणावर ओरडायचं तेच कळत नाही.

आता गंमत ऐका. थॉर्नक्लफच्या शाळेत नवी हेडबाई आली, बाईने शाळा उभी केली, तपासणीवाले पुन्हा आले ते टाळ्या वाजवत गेले! आणि म्हाताऱ्याचं घर विकायला काढलं तर शहरातली माणसं रांगेत. दलाल कोण? पॉम्फ्रेट! दुसरा ओळखीचा आहे कोण मला?

गेल्या शनिवारी तो एक जोडपं घेऊन आला, कडेवर पोर. मी मागच्या दाराने आलेलो, चहा टाकलेला. आणि तो माझ्या बापाच्या स्वयंपाकघरात उभा राहून तीन बोटं वर करतो... "चांगली शाळा! चांगला शेजार! परवडणारं घर! तीनपैकी तीन!" एकही बोट मिटलं नाही हो त्याने. एकही नाही!

बाई माझ्याकडे वळली. गोड होती बिचारी. म्हणाली, "तुम्ही इथलेच ना? शेजारी कसे आहेत हो?"

म्हटलं, "फार चांगले होते. इथून दोन दारं सोडून राहायचे. शाळेपायी घर सोडून गेले."