नको म्हणायला गेले बंदुकीच्या दुकानात

...आणि वर मलाच म्हणतो, "तूच तर पसंत केलीस!" मी? पसंत? तुम्हाला सांगते, टोस्टरमधून ब्रेड वर आला तरी मी किंचाळते! शेजारच्या काकू आमची बेल वाजवायच्या आधी फोन करतात, "शरयू, आता वाजवते हं!" आणि ही बाई बंदूक पसंत करेल? अहो, मी नुसती नको म्हणायला गेले होते!

नाही, तुम्ही नीट ऐका आणि मग सांगा याला विश्वासघात म्हणायचं नाही तर काय म्हणायचं. हेमचंद्र, माझा नवरा, याचा साहेब आहे डेल. हा डेल दर सप्टेंबरला सगळ्या टीमला भावाच्या शेतावर शिकारीला नेतो. कसली शिकार, तर होल्यांची! आपले ते कबुतरासारखे गरीब पक्षी, बसल्या जागी घुमतात, त्यांनी याचं काय घोडं मारलंय? आणि हेमचंद्र घरात झुरळ निघालं तर कागदावर घेऊन बागेत सोडून येतो, जाताना त्याला "संभाळून" म्हणतो! दरवर्षी काहीतरी सांगून सुटायचा. या वर्षी आमचं ग्रीन कार्ड आलं, ऑफिसात केक कापला आणि डेलने पाठीत गुद्दा घातला, "आता तू टेक्सन झालास, हेम! शनिवारी चल, तुला बंदूक घेऊ!"

हा घरी आला तो पांढराफटक. म्हणाला, "शरयू, तूही चल. ते बंदूक दाखवतील, तू नको म्हण. मी म्हणेन, काय करू सर, बायको नको म्हणते. विषय संपला."

"अरे, मग तूच सांग ना!"

"माझा रिव्ह्यू आहे यार पुढच्या महिन्यात!"

"म्हणजे वाईट मी दिसायचं?"

"माझ्यासाठी एवढं नाही करणार?"

झालं! विरघळले मी. तरी म्हटलं, घरात बंदूक येणार नाही, शब्द दे. हात हातात घेऊन शब्द दिला हो त्याने! हात हातात घेऊन!

आता मला सांगा, आपण दुकानात तोंडावर नको म्हणतो का? साड्या घ्यायला गेलो, समोर ढीग पडलाय, घ्यायची एकही नाही, तर काय करतो आपण? खोड काढतो! काठ मोठा आहे, पोत जाडा आहे, रंग जाईल... दुकानदारही शहाणा असतो, तो समजतो, घड्या घालतो, "या ताई, बघून या." आमच्याकडे याला नको म्हणतात! ही माणसं खोड म्हणजे ऑर्डर समजतात हे मला कोणी सांगितलं होतं?

दुकानात शिरले आणि दारातच पेंढा भरलेलं अस्वल. मी दचकून डेलचाच दंड धरला! पांढऱ्या मिशांचे एक आजोबा काउंटरवर. "सेमी-ऑटोमॅटिक, मॅम. एक बार काढला की पुढचं काडतूस आपोआप चढतं." म्हणजे काय, की एकदा दचकून चाप ओढला की दुसऱ्यांदा दचकायची सोय तयार! मी हातात घेऊन म्हटलं, "फार जड आहे." आपला दुकानदार असता तर समजला असता. हे म्हणाले, "अगदी बरोबर, मॅम," आणि हलकी आणली. म्हटलं, "हिचा दणका बसेल खांद्याला." तर डेलने शीळ घातली! हलकी बंदूक जास्त दणका देते म्हणे, जाणकारच हे ओळखतात म्हणे! आजोबांनी बार उडताना निघणाऱ्या गॅसवर चालणारी आणली, अर्धा दणका तीच गिळते. "दस्ता लांब आहे, माझा हात पुरत नाही." आखूड दस्त्याची आली. "फार चकचकीत आहे बाई." "करेक्ट! चमक दिसली की पाखरं वळतात!" काळी, मंद आली. मी हेमचंद्रकडे बघते, अरे म्हण ना, बायको नको म्हणते म्हण! हा हाताची घडी घालून मान डोलावतोय, जसा काही मैफलीला बसलाय! आणि मी तर नुसती नको म्हणायला गेले होते!

मग मी शेवटचं काढलं. रिकामं काडतूस उजवीकडे उडतं ना? म्हटलं, "मी डावरी आहे. ते माझ्या तोंडावरून जाईल." आजोबांनी हातातली बंदूक खाली ठेवली. जिंकले! आजोबा आत गेले, मी पर्स खांद्याला लावली... आणि एक लांब खोका घेऊन आले, वरची धूळ फुंकली, "मॅम, ही डावखुऱ्यांची. कधीची तुमची वाट बघतेय."

खांद्याला लावली. खोटं कशाला बोलू, बसली हो. नेहमीच्या शिंप्याने शिवलेल्या ब्लाउजसारखी बसली! मी तोंड वाकडं करायला गेले, पण मेलं फितूर झालं, हसलं! डेल ओरडला, "हेम, तुझं राहू दे, तुझ्या बायकोलाच नेतो!" आता तरी? आता तरी म्हणेल? तर माझा नवरा, शब्द दिलेला नवरा, काय म्हणाला? "हो सर, हिला पहिल्यापासून आवड आहे!" पहिल्यापासून! "मी पडलो उजवा, मला ही चालायची नाही. मी आपला घरी थांबतो."

गाडीत मागच्या सीटवर ती बंदूक. तिला सीटबेल्ट यानेच लावला. म्हटलं, "शब्द दिला होतास." म्हणाला, "तूच तर पसंत केलीस!" बरं, म्हटलं, मग आत्ता डेलला फोन कर आणि सांग, नवरा नको म्हणतो. कचकन ब्रेक! "वेड लागलंय का? अमेरिका आहे ही! साहेबाला वाटेल मी बायकोला दाबून ठेवतो!"

तर या गोष्टीला आठवडा झाला आणि उद्या पहाटे डेलचा ट्रक येणार आहे, मला शिकारीला न्यायला. हेमचंद्रने थालीपिठं बांधून ठेवलीत, कानात घालायचे बोळे काढून ठेवलेत, इतका गोड वागतोय की मला वाटलं, विरघळला, आता म्हणेल नको जाऊस. आत्ता इकडे निघताना जवळ आला, हात हातात घेतला, म्हणाला, "शरयू, पहाटे जाताना दार जरा हळू लाव हं. शनिवारचीच तेवढी झोप मिळते."