मुंजीला न आलेला व्हिडिओवाला

अमेरिकेत वकिलाशिवाय चालणारं कोर्ट असतं, हे मला एका भामट्यामुळे कळलं. व्हिडिओ कॅमेरे नुकते आले होते तेव्हाची गोष्ट. आम्ही मिशिगनमध्ये, नोव्हायला राहत होतो. मुलाच्या मुंजीसाठी शिकागोचा एक व्हिडिओवाला ठरवला आणि दोनशे डॉलर डिपॉझिट पाठवलं. मुंज लागली, पंगती उठल्या, हा पठ्ठ्या आलाच नाही.

फोन केला तर म्हणतो, "काका, मी इलिनॉयचा, तुम्ही मिशिगनचे. राज्यंच वेगळी, काय करणार तुम्ही?" आणि वर हसला. त्या हसण्यापायी बायकोने मला इथल्या स्मॉल क्लेम्स कोर्टात, म्हणजे छोट्या रकमांच्या त्या बिनवकिली कोर्टात, केस टाकायला लावली.

तारखेला स्वारी टाय लावून हजर! जजबाईंना म्हणाला, "मी मिशिगनमध्ये धंदाच करत नाही. या कोर्टाचा माझ्याशी संबंध नाही."

त्यांनी शांतपणे विचारलं, "बरं, मग त्या दिवशी झालं काय?"

"मी गेलो होतो ना! कॅमेरा घेऊन नोव्हायला तासभर थांबलो. हॉलला कुलूप होतं."

दीडशे माणसं आत जेवत होती, आणि म्हणे कुलूप!

जजबाई म्हणाल्या, "इथे धंदा करत नाही, तर कॅमेरा घेऊन कशाला आला होतात?"

निकाल आमच्या बाजूने लागला.

बाहेर चेक लिहून देताना निर्लज्ज म्हणतो कसा, "काकू, पुढच्या फंक्शनला बोलवा, डिस्काउंट देतो."

ही म्हणाली, "बोलवू की. पण तेव्हा डिपॉझिट तू आम्हाला द्यायचं."