कायम नोकरीचा राजीनामा

(ताईचं स्वयंपाकघर. ताई भांडी घासते आहे.)

भाऊ: एकोणीस वर्षांची सरकारी नोकरी सोडलीस, आणि ते मला आईकडून कळतं?

ताई: सांगणारच होते. बस आधी.

भाऊ: बसत नाही. तसल्या नोकरीसाठी मी सात परीक्षा दिल्या, वयाची अट संपेपर्यंत. मग चार कंपन्यांचे उंबरे झिजवले. चौथीनं गेल्या महिन्यात फाटकावरच ओळखपत्र काढून घेतलं. माझा चष्मा अजून आत टेबलावर आहे, ताई. आणि तुला कुणी हात लावू शकत नव्हतं, तर तू आपणहून उठलीस.

ताई: हात लावत नाहीत. कामही करू देत नाहीत. अकरा महिने प्रयोगशाळेत रसायनं नव्हती. पाणी तपासायचं कशानं, डोळ्यांनी? साहेब म्हणाले, मागचेच आकडे उतरवा, खाली सही करा. शेवटी मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी माझी रवानगी भांडारात. पाच महिने मोडक्या खुर्च्या मोजल्या.

भाऊ: मग मोजायच्या. काय बिघडत होतं?

ताई: पाण्याच्या पंपामागच्या वस्तीत कावीळ पसरली, ते बिघडलं. चौदा पोरं दवाखान्यात. मी बघायला गेले. एका बाईनं ओळखलं मला. म्हणाली, पाणी तुम्हीच तपासता ना?

भाऊ: तुझा काय दोष? तू तर भांडारात होतीस.

ताई: माझ्या जागी आणलेला माणूस सह्या करत होता. मला ठाऊक होतं. मी गप्प होते.

भाऊ: आणि आता खासगी प्रयोगशाळेत जाऊन काय दिवे लावणार? सहा महिन्यांचा करार. डोईजड झालीस की देतील नारळ.

ताई: देऊ देत. तिथे रसायनं तरी आहेत. काल त्याच वस्तीतल्या बायका बाटल्या भरून घेऊन आल्या. तपासलं, दिसलं तेच लिहिलं, सही केली.

भाऊ: उद्या तिथला मालकही म्हणाला, आकडे बदला, तर?

ताई: तर तिथूनही उठेन.

भाऊ: तुला जमतं हे. दोन्ही पोरं घेऊन मी कुठे उठू? तुझ्या खुर्चीत मी असतो, तर डोळे मिटून सही केली असती. ऐकतेस ना?

ताई: ऐकतेय.

भाऊ: मग बोल की. शिव्या दे.

ताई: कुठल्या तोंडानं देऊ? पहिले सहा महिने मीही तशीच सही केली.