पायडलवरचा उजेड

मी मूळची मैंदर्गीची. माहेरी सगळं कानडी, लगीन होऊन सोलापुरात आले आन् मराठी शिकत शिकतच विड्या वळायला बी शिकले. मालक सूतगिरनीत होते. आमच्या गल्लीत लाईट न्हाय, राकेल मिळता मिळंना, आन् दिवसभर वळून बी विड्या उरायच्याच. मग मालकांनी काय केलं, सायकल घरात स्टँडवर चढवली, डायनामोची वायर माज्या सुपापशी आनली आन् बसले की पायडल मारत. दिवा लागला. दिवेलागनीला दिव्याला हात जोडायची आपली रीत, मी जोडले, तर म्हनतात कसे, अगं पाया कुनाच्या पडतीस, मी अजून जिता हाय.

काय सांगू तुमाला, गिरनीतल्या कापसानं छाती लई धरलेली त्यांची. खोकला आला की पाय थांबायचे, पाय थांबले की दिवा बारीक व्हायचा. मी म्हनायची उतरा आता, उद्या उनात वळीन, तर म्हनायचे, तू वळ, दिव्याचं मी बघतो.

मग कालेजातले एक सर आले, त्यांनी प्रयोगाची काळी पाटी आमच्या छपरावर ठेवली. दिवसा उनावर बॅटरी भरायची, सांजच्याला दिवा लावायचा. मला लई बरं वाटलं, म्हटलं मालकांच्या छातीला इसावा, आन् ऊन काय, सोलापुरात पोत्यानं. पन मालक रुसले की. म्हनायचे, ढग आले की तुजा सूर्व्या दडी मारतोय बघ, भरवसा मानसाचा धरावा. आन् झालं बी तसंच. श्रावनात झड लागली, पाटीचा दिवा मिनमिनला, तसे हसत हसत सायकलीवर चढले. मी नको नको म्हनतीया, आन् ह्ये खोकत खोकत इचारतात, सांग आता, कोन भरवशाचं?

त्याच वर्षी थंडीत गेले. गिरनीतनं आले, पानी मागितलं, मी तांब्या भरून आनला तवर मान कलली होती.

सूर्व्या रोज उगवतोय. सर इचारतात, मावशी, कुटला दिवा चांगला? मी म्हनते, तुमचाच, त्यो दमत न्हाय. खरंच दमत न्हाय वो, झडीचे चार दिस सोडले तर एकसारका जळतोय, खोकत न्हाय, बारीक व्हत न्हाय, आन् त्येच मला सोसत न्हाय. तुमच्या घरात उजेड राहो, बाबा. माज्या घरात बी हाय की. सायकल अजून तितंच स्टँडवर हाय. दिवा लागला की मी तिकडं तोंड करून हात जोडते, आन् जरा थांबते. पन मी अजून जिता हाय म्हनायला कुनी न्हाय.